सांभाळणाऱ्यांना कोण शिकवणार?

काही वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका निवासी विशेष शाळेत आम्ही भेटीसाठी गेलो होतो. बौद्धिक दिव्यांग मुलींचे वसतिगृह होते. दुपारच्या जेवणानंतर आतल्या बाजूने दार बडवल्याचा आवाज येऊ लागला. चौकशी केली तेव्हा कळले, एका मुलीला सामानाच्या खोलीत ठेवले आहे. चौदा-पंधरा वर्षांची, बोलता न येणारी मुलगी. महिन्यातले काही दिवस ती अंगावर धावून जाते, चावते, म्हणून शांत होईपर्यंत आत. तिला सांभाळणाऱ्या मावशींच्या हातावर दातांचे जुने व्रण होते. तिला कोंडल्याची नोंद मात्र एकाही रजिस्टरमध्ये नव्हती.

'महिन्यातले काही दिवस' हे शब्द आमच्या एका सहकारी ताईंना खटकले. त्यांनी मावशींजवळ बसून तारखा जुळवल्या. चावणे सुरू व्हायचे ते पाळीच्या आदल्या दिवशी. मुलगी पोटदुखीने तळमळत होती आणि ते सांगायला तिच्याकडे शब्द नव्हते. डॉक्टरांना दाखवले, त्यांनी दिलेली गोळी त्या दिवसांत वेळेवर मिळू लागली. शेकायला गरम पाण्याची पिशवी आली, वर्गात बसवण्याऐवजी पडून राहायला जागा दिली. पुढच्या दोन-तीन महिन्यांत चावणे जवळजवळ थांबले.

आम्ही मावशींना विचारले, हे आधी कुणाच्या लक्षात कसे आले नाही? त्या म्हणाल्या, "ताई, आमाले कोनं शिकवलं? रातच्याला मी एकटी असतो. हिले धरू का बाकीच्या पोरींले पाहू?"

मावशींच्या या प्रश्नाचे उत्तर शासनाने द्यायचे आहे, संस्थाचालकांनी द्यायचे आहे आणि समाज म्हणून आपणही द्यायचे आहे. दिव्यांगांच्या प्रश्नावर आपल्याकडे चर्चा होते ती प्रमाणपत्र, निवृत्तिवेतन, आरक्षण आणि तीनचाकी सायकलीपुरती. त्या गोष्टी हक्काच्या आहेतच. पण ज्या व्यक्तीला बोलून सांगता येत नाही, जी रागाने, दुखण्याने किंवा भीतीने स्वतःचे डोके भिंतीवर आपटते, तिला चोवीस तास सांभाळणारा माणूस काय शिकलेला असावा आणि त्याच्या कामावर कुणाचे लक्ष असावे, यावर आपण जवळजवळ बोलतच नाही.

शिरूरची आठवण

महाराष्ट्राने या अज्ञानाची किंमत एकदा उघडपणे पाहिली आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूर येथील शासकीय वसतिगृहातील बौद्धिक दिव्यांग मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशये काढण्यात आली. या मुलींना पाळीच्या काळात स्वच्छता राखता येत नाही, असे कारण देण्यात आले. स्त्री संघटना आणि दिव्यांग हक्क कार्यकर्ते रस्त्यावर उतरले, तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या.

त्या वेळी वाद झाला तो संमतीचा आणि स्त्रीच्या शरीरावरील हक्काचा. तो व्हायलाच हवा होता. पण त्यात आणखी एक प्रश्न दडलेला होता. मुलीला पॅड बदलायला टप्प्याटप्प्याने शिकवता येते, जिला ते जमत नाही तिला मदत करता येते. हे काम येणारी, त्यासाठी पगार मिळणारी आणि पुरेशा संख्येने असलेली माणसे वसतिगृहात नव्हती. कर्मचाऱ्यांना शिकवण्याऐवजी मुलींच्या पोटावर शस्त्र चालवले गेले. आज शस्त्रक्रियेची जागा कडीने, ओढणीने आणि झोपेच्या गोळीने घेतली आहे. कित्येक ठिकाणी डॉक्टरांची चिठ्ठी दोन वर्षांपूर्वीची असते आणि गोळी रोजची.

दोन कायद्यांमधली फट

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी येथे एका खाजगी मनोरुग्ण आश्रमाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या २८ माणसांना पळता आले नाही. देश हादरला. पुढे मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ आला. त्याच्या कलम ९५ ने साखळदंडावर पूर्ण बंदी घातली. कलम ९७ ने रुग्णाला एकट्याला कोंडून ठेवण्यास मनाई केली आणि हातपाय बांधण्यावर कडक अटी लावल्या. तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा कोणताही मार्ग नसेल तरच, प्रभारी मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि अगदी गरजेपुरत्या वेळेसाठीच बांधता येते. त्याची कारणांसह नोंद करावी लागते, रुग्णाच्या प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवावे लागते. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून बांधता येत नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिले आहे.

पण याच कायद्याने मानसिक आजाराची जी व्याख्या केली आहे, तिच्यातून बौद्धिक दिव्यांगत्व वगळले आहे. ते योग्यच आहे, कारण बौद्धिक दिव्यांगत्व हा आजार नाही. मात्र त्याचा परिणाम असा झाला की मनोरुग्णालयातील रुग्णाला बांधायचे असेल तर सविस्तर नियम आहे आणि निवासी विशेष शाळेतील मुलीला कोंडायचे असेल तर तसा नियम नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ आहे, हे खरे. त्याचे कलम ६ क्रूर आणि अमानुष वागणुकीपासून संरक्षणाची जबाबदारी सरकारवर टाकते. कलम ९२ नुसार दिव्यांग व्यक्तीवर हल्ला करणाऱ्याला किंवा ताब्यातील दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्नपाणी नाकारणाऱ्याला सहा महिने ते पाच वर्षे कारावास होऊ शकतो. पण हे सारे गुन्हा घडल्यानंतरचे आहे. मूल चावते आहे, डोके आपटते आहे, त्या घडीला मावशीने काय करायचे, काय करायचे नाही, कुणाला फोन लावायचा आणि कुठे लिहायचे, हे त्यात नाही.

शिकवलेला कोण, सांभाळणारा कोण?

आपल्याकडे या क्षेत्रात काहीच नाही, असेही नाही. भारतीय पुनर्वसन परिषद कायदा १९९२ नुसार विशेष शिक्षक, चिकित्सा मानसतज्ज्ञ, पुनर्वसन मानसतज्ज्ञ, पुनर्वसन समाजकार्यकर्ते अशा व्यावसायिकांना केंद्रीय नोंदवहीत नाव असल्याशिवाय काम करता येत नाही. १९८४ पासून सिकंदराबादला बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे आणि तिचे केंद्र नवी मुंबईतही आहे. भारतीय मुलांसाठी वर्तन तपासण्याची मोजपट्टी या संस्थेने १९९२ मध्येच तयार केली. तिच्या दुसऱ्या भागात मारहाण, स्वतःला इजा, हट्ट, भीती अशा दहा गटांतील ७५ वर्तने आहेत. वर्तनाच्या आधी काय घडले, वर्तन काय होते आणि त्यानंतर काय घडले, अशा तीन रकान्यांत रोज नोंद ठेवायची, ही पद्धत विशेष शिक्षकांच्या अभ्यासक्रमात शिकवली जाते. आमच्या सहकारी ताईंनी मावशींजवळ बसून केले ते हेच.

अडचण अशी की ज्ञान एका माणसाकडे आहे आणि मूल दुसऱ्याच्या हातात. विशेष शिक्षक दिवसाचे काही तास वर्गात असतात. मानसतज्ज्ञ अनेक ठिकाणी तपासणीच्या वेळी कागदावर दिसतात. अंघोळ, जेवण, शौच, पाळी, आकडी आणि रात्र हे सारे काळजीवाहकांकडे. त्यांच्यातल्या अनेक कंत्राटी आहेत आणि कामाला लागण्याआधी त्यांना एक दिवसही शिकवलेले नसते. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याने वर्तन विश्लेषक हा पेशा आपल्या यादीत घेतला, ही चांगली गोष्ट आहे. पण शहरात एक पदवीधर विश्लेषक वाढल्याने तालुक्याच्या वसतिगृहातली रात्रपाळी बदलणार नाही.

इथे जातीचा प्रश्न येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. आम्ही भेटलेल्या काळजीवाहक बहुतेक आपल्याच वस्त्यांतल्या: बौद्ध, मातंग, आदिवासी, भटक्या-विमुक्त समाजातल्या, पुष्कळशा एकट्या कमावत्या. दुसऱ्याचे मलमूत्र काढण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या माथी मारले, त्यांच्याकडेच हेही काम 'सेवाभावा'च्या नावाखाली आले. सेवाभाव म्हटले की पगार विचारायचा नाही, प्रशिक्षण मागायचे नाही आणि चावा घेतला तर रजा मागायची नाही. काही वाईट घडले की गुन्हा मात्र याच बाईवर दाखल होतो. वसतिगृहात राहणारी मुलेही बहुधा मजुरांचीच असतात. म्हणजे दोन्ही बाजूंनी भरडले जाणारे आपलेच लोक आहेत.

ऑस्ट्रेलियाने काय केले?

ऑस्ट्रेलियात 'बिहेवियर सपोर्ट प्रॅक्टिशनर', म्हणजे वर्तन-आधार तज्ज्ञ, हा वेगळा पेशा आहे. तिथल्या राष्ट्रीय दिव्यांग विमा योजनेवर देखरेख ठेवणारा आयोग १ जुलै २०१८ पासून कामाला लागला. त्याच वर्षीच्या नियमांनी पाच प्रकारचे निर्बंध नियंत्रणाखाली आणले: एकट्याला कोंडणे, औषधाने गुंगवणे, पट्ट्या किंवा साधनांनी जखडणे, अंगबळाने धरून ठेवणे, आणि दार, फ्रिज, वस्तू यांना कुलूप लावून वावर रोखणे. यांपैकी काहीही वापरायचे असेल तर आयोगाने पात्र ठरवलेल्या तज्ज्ञाने त्या व्यक्तीसाठी लेखी आराखडा करावा लागतो. त्यात निर्बंध कमी कसा करत नेणार हे सांगावे लागते आणि वर्षातून किमान एकदा फेरविचार करावा लागतो. तज्ज्ञांच्या कौशल्याचे चार स्तर ठरवलेले आहेत आणि नवख्याने अनुभवी तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली काम करावे, अशी अपेक्षा आहे.

एवढे करूनही तिथला प्रश्न सुटलेला नाही. हिंसा, छळ आणि दुर्लक्ष यांची चौकशी करणाऱ्या तिथल्या शाही आयोगाने सप्टेंबर २०२३ मध्ये २२२ शिफारशींचा अहवाल दिला आणि त्यात हे निर्बंध हा मोठा विषय होता. तज्ज्ञांची मागणी एकदम वाढली, नवखे लोक मोठ्या संख्येने आले, त्यांना वेळ देणारे अनुभवी मार्गदर्शक कमी पडले. जाडजूड आराखडे लिहिले जातात, पण रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यापर्यंत ते पोहोचत नाहीत, ही तिथली तक्रार आहे. म्हणूनच आता तिथे चर्चा आहे ती प्रशिक्षणाचा किमान दर्जा आणि नियमित मार्गदर्शन सक्तीचे करण्याची. श्रीमंत देशाच्या अनुभवातून आपण घ्यायचे ते इतकेच: प्रमाणपत्र देऊन थांबले तर पद्धत कागदावर राहते. काम करताना शेजारी उभा राहून शिकवणारा माणूस लागतो.

विनयातली शिकवण

हा विचार आपल्याला परका नाही. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला तथागतांना दिसला. त्याच्याकडे कुणी पाहत नव्हते, कारण तो इतरांच्या काही उपयोगाचा नव्हता. तथागतांनी आनंदांना पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून मंचकावर निजवले. ही कथा आपण विहारात अनेकदा ऐकतो आणि करुणेपाशी थांबतो.

पण तथागत तिथे थांबले नाहीत. त्यांनी संघाला एकत्र बोलावून जबाबदारी ठरवून दिली. आजाऱ्याची शुश्रूषा उपाध्यायाने, आचार्याने, शिष्याने करावी. यांपैकी कुणीच नसेल तर संघाने करावी आणि न केल्यास तो दोष मानावा. शुश्रूषा करणारा कसा असावा हेही पाच लक्षणांत सांगितले. त्याला औषध तयार करता आले पाहिजे. रुग्णाला काय मानवते आणि काय नाही, हे कळले पाहिजे. तो लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने काम करणारा असावा. मलमूत्र, थुंकी, वांती काढण्याची त्याला किळस वाटू नये. आणि वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने त्याने रुग्णाला धीर द्यावा. दिव्यांग म्हणजे रुग्ण नव्हे, पण सांभाळणाऱ्याची पात्रता ठरवली पाहिजे, हा विचार इथे लागू होतो. पाचांपैकी पहिल्या दोन गोष्टी शिकून येणाऱ्या आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

नव्या भिक्खूलाही एकट्याला सोडलेले नाही. त्याने समर्थ झाल्यावरही निदान पाच वर्षे गुरूच्या आश्रयाने राहायचे आणि उपाध्याय होणाऱ्याला दहा वर्षांचा अनुभव व योग्यता हवी, असा विनय आहे. आजच्या भाषेत हेच प्रशिक्षण आणि हेच मार्गदर्शन. बाबासाहेबांनी धम्म मांडताना करुणेच्या जोडीला प्रज्ञा ठेवली. आपल्या वसतिगृहांत करुणा अनेकदा असते. तिला प्रज्ञेची जोड मिळत नाही, आणि मग मायेने वागणारी मावशीही दाराला कडी लावते.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप पैशाचा. शासन आधीच अनुदान थकवते, मग हा खर्च कुठून? यावर आमचे म्हणणे असे की सगळा खर्च नवा नाही. जिल्हा पुनर्वसन केंद्रे आहेत, राष्ट्रीय न्यासाचे काळजीवाहक प्रशिक्षण आहे, विद्यापीठांत समाजकार्याचे आणि मानसशास्त्राचे विद्यार्थी आहेत. त्यांना वसतिगृहाशी जोडणारी सक्ती नाही. रात्रपाळीला दुसरी मावशी नेमायला मात्र पैसा लागेलच आणि तो द्यावाच लागेल.

दुसरा आक्षेप संस्थाचालकांचा. आणखी तपासणी म्हणजे आणखी पाकिटे. हा राग खोटा नाही. पण तपासणी आणि मार्गदर्शन या वेगळ्या गोष्टी आहेत. तपासणीला येणारा रजिस्टर पाहतो. मार्गदर्शक अंघोळीच्या वेळी तिथे उभा राहतो, मावशीच्या हातून काय चुकते ते दाखवतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येतो. त्याच्यासमोर "आज मी हिला कोंडलं" असे न घाबरता सांगता आले पाहिजे.

तिसरा आक्षेप आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोंडण्यावर आणि बांधण्यावर नुसती बंदी घातली आणि माणसे वाढवली नाहीत, तर पहिला बळी मावशीचा जाईल. म्हणून नियम आणि मनुष्यबळ एकाच आदेशात यायला हवे.

आणखी एक सावधगिरी. वर्तन सुधारण्याच्या नावाखाली मुलाला फक्त आज्ञाधारक बनवण्याचा धोकाही आहे. अनेक स्वमग्न प्रौढांनी आपल्याला लहानपणी असेच 'नीट' दिसायला भाग पाडले गेले, असे जगभर सांगितले आहे. मूल गप्प झाले म्हणजे यश आले, असे मोजमाप नको. त्याचे दुखणे कमी झाले का, त्याला हवे ते सांगता येऊ लागले का, हे पाहायला हवे.

काय मागायचे?

यासाठी नवा कायदा होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगांच्या संस्थांना नोंदणी सक्तीची केली आहे, आणि राज्य सरकारने ठरवलेल्या सोयी व दर्जा असल्याशिवाय प्रमाणपत्र देता येत नाही. राज्यात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. नोंदणीच्या अटींत या विभागाने पाच गोष्टी घालाव्यात, अशी आमची मागणी आहे.

एक, मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ९७ च्या धर्तीवर निवासी शाळा व बालगृहांसाठी कोंडणे, बांधणे आणि गुंगवणे यांबाबत लेखी नियम. दोन, प्रत्येक काळजीवाहकाला मुलांची जबाबदारी देण्याआधी पगारी प्रशिक्षण, ज्यात दुखणे ओळखणे, आकडी, पाळी, वर्तनाची नोंद आणि इजा न करता परिस्थिती सांभाळणे हे असेल. तीन, प्रत्येक संस्थेला ठरलेला मार्गदर्शक, जो दरमहा येईल आणि अडचणीच्या वेळी फोन उचलेल. चार, रात्रपाळीला किमान दोन माणसे, आणि चावा किंवा मार लागल्यास उपचार व पगारी रजा. पाच, निर्बंधांचे रजिस्टर पालकांना दाखवणे बंधनकारक.

आपणही काही करू शकतो. दिव्यांग व्यक्तीचा छळ होत असल्याची शंका असेल तर कलम ७ नुसार कुणीही व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकते. तालुक्यात ते तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकारी असतात. विहार समित्यांनी, महिला मंडळांनी परिसरातल्या निवासी शाळेला वर्षातून एकदा फळे वाटून फोटो काढण्यापेक्षा रात्रपाळीला किती माणसे आहेत, हे विचारावे. अशा काही संस्था आपल्याच समाजातले कार्यकर्ते चालवतात. त्यांना हा प्रश्न विचारताना जीभ जड होते, आमचीही होते. पण तो तिथे आधी विचारला गेला पाहिजे.

त्या मावशी अजून त्याच वसतिगृहात आहेत. मुलींच्या पाळीच्या तारखा त्या आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवतात. हे त्यांना एका भेटीत शिकता आले. रात्रपाळीला त्या अजून एकट्याच असतात.